न सापडलेल्या माणसांची गोष्ट

इंग्रजांविरुद्ध साताऱ्यात भूमिगतांनी चालवलेल्या प्रतिसरकारावर मी एक राजकीय थरारकादंबरी लिहिते आहे. त्याचे पुढारी नाना पाटील तिच्यात येतात ते लांबून. एखाद्या गावच्या सभेत त्यांचा आवाज घुमतो आणि पोलिस पोहोचायच्या आत ते निघून गेलेले असतात. कादंबरी आहे ती एका घराची. वाळवा तालुक्यातलं घर, त्यात एक विधवा बाई, तिची सासू, आणि रात्री-अपरात्री कडी वाजवून आत येणारी, रक्ताचं काहीच नातं नसलेली पाच-सहा माणसं. घर आणि माणसं माझ्या कल्पनेतली. काळ आणि मुलूख खरा. आराखडा मी काकांना वाचायला दिला. काकांनी सगळी हयात कराडच्या कोर्टात वकिली केली. कागदावर जे नाही ते नाहीच, असं मानणारा हा माणूस. आमचं बोलणं लांबलं, मधेच तापलंही. त्यातलं महत्त्वाचं तेवढं इथे देते आहे.

काका : वर 'राजकीय' लिहिलंयस आणि आत गव्हर्नर नाही, कलेक्टर नाही, सत्तेचा एक माणूस नाही. राजकारण कुठं आहे यात? मराठीत राजकीय कादंबरी म्हटली की मला अरुण साधूंची 'सिंहासन' आणि 'मुंबई दिनांक' आठवतात. जब्बार पटेलांनी १९७९ साली त्यांच्यावर सिनेमा केला, तो आजही जुना होत नाही. मुख्यमंत्री, त्याची खुर्ची ओढणारा अर्थमंत्री, कामगार पुढारी. सत्ता जिथं असते तिथं थरार असतो. तुझ्या त्या बाईच्या चुलीपाशी काय असणार?

मी : 'सिंहासन'मधला दिगू टिपणीस आठवा, काका. तो पत्रकार आहे, सगळ्या बंगल्यांत त्याला शिरकाव आहे, त्याला सगळं कळतं आणि त्याच्या हातात काहीच नाही. शेवटी त्याचं डोकं फिरतं. माझ्या बाईचं नेमकं उलटं आहे. तिला काही कळत नाही. कुठे काय ठरलंय, कोण कुठून आला, उद्या कुठे जाणार, हे तिला कुणी सांगत नाही आणि ती विचारत नाही. पण ती एक शब्द बोलली तर पाच माणसं जातात. सत्ता म्हणजे दुसऱ्याच्या जिवावरचा अधिकारच असेल, तर त्या रात्रीपुरती त्या तालुक्यातली सगळ्यात मोठी सत्ता तिच्या हातात आहे.

काका : बोलायला छान आहे. पण त्या काळात खरोखर काय होत होतं ते आधी मांड, मग बाईचं बघू.

मी : मांडते. ऑगस्ट १९४२ मध्ये पुढारी तुरुंगात गेले. सप्टेंबरात साताऱ्यात मोर्चे निघाले ते कचेऱ्यांवर. ३ सप्टेंबरला तासगावच्या कचेरीवर तिरंगा लागला. मग ९ तारखेला वडूज, १० तारखेला इस्लामपूर. या दोन्ही ठिकाणी गोळीबार झाला. वडूजला परशुराम घार्गे झेंडा घेऊन पुढे होते, ते पडले. इस्लामपूरला किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातले इंजिनिअर पंड्या पडले. त्यानंतर उघड्यावर मोर्चा काढायचा म्हणजे माणसं मारायला उभी करायची, हे सगळ्यांना कळलं, आणि माणसं भूमिगत झाली. १९४३ पासून १९४६ पर्यंत त्यांनी गावोगाव स्वतःचं सरकार चालवलं. न्यायदान मंडळं, तुफान सेना, ग्रंथालयं, कमी खर्चातली गांधी लग्नं. आणि भूमिगत झालेला माणूस म्हणजे काय, काका? त्याला रोज रात्री कुणाच्या तरी घरात झोपायचं असतं. कुणाची तरी भाकरी खायची असते. चार वर्षं एखाद्या जिल्ह्यात सरकार चालतं म्हणजे चार वर्षं रोज कुणीतरी दार उघडतं. त्या दाराची गोष्ट कुणी लिहिलेली नाही.

काका : दार उघडतं, हे तू गृहीत धरतेस. मी नाना पाटलांच्या घरापासूनच सुरुवात करतो. येडेमच्छिंद्रला त्यांच्या घरावर आणि जमिनीवर जप्ती आली. चुलीवर स्वयंपाक चालू असताना पोलिसांनी घराला टाळं लावलं, सगळ्यांना एका खोलीत हलवलं. त्यांची मुलगी हौसाताई म्हातारपणी हे सांगायच्या. आणि पुढं काय सांगायच्या? गावात कुणी काम देईना. कुणी जवळ येईना. उंबरं शिजवून खाल्ली. शेवटी मामानं एक बैलजोडी आणि गाडी दिली, तिच्यावर भाडं मारून घर चाललं. मामा म्हणजे रक्ताचं नातं, हे लक्षात घे. गाव नव्हे. ज्याच्या नावानं सगळा जिल्हा पेटला त्याच्या पोरीला गावानं पीठ दिलं नाही. तुझ्या आराखड्यातली 'साधी माणसं' ती हीच.

मी : ती हीच, आणि म्हणूनच मला ती हवीत. प्रत्येक दार उघडणारच असेल तर थरार कसला? सामुदायिक दंड गावांवर बसत होते, ते श्रीमंत-गरीब सगळ्यांच्या मानेवर. शेजाऱ्याने आसरा दिला तर त्याची शिक्षा आपल्याला. अशा वेळी दार न उघडणारा माणूस मला वाईट वाटत नाही. तो घाबरलेला आहे, आणि त्याची भीती शहाणपणाची आहे. पण म्हणूनच ज्या दहाव्या दाराची कडी निघते, त्या कडीचा आवाज माझ्या वाचकाला बंदुकीपेक्षा मोठा ऐकू आला पाहिजे.

काका : तू एक विसरतेस. तो मुलूख नकाशावर एकसंध नव्हता. कुंडल गाव औंध संस्थानात. आजूबाजूला सांगली, कोल्हापूर, जत, फलटण. ब्रिटिश हद्दीतल्या फौजदाराला संस्थानात शिरायचं तर कागद हलवावे लागायचे. औंधच्या राजेसाहेबांनी तर १९३९ सालीच प्रजेला राज्यकारभार देऊन टाकला होता, त्यांच्या हद्दीत पोलिसांना तशी मदत मिळणार नव्हतीच. प्रतिसरकार टिकलं ते हद्दींमुळं. तुझ्या बाईच्या धैर्यानं नव्हे.

मी : दोन्हीमुळे. हद्द ओलांडायला रात्र लागते, आणि रात्र काढायला घर लागतं. पण हे तुम्ही आराखड्यात घालायला लावलंत ते बरं झालं. माझ्या कादंबरीतलं घर हद्दीपासून अर्ध्या कोसावर सरकवते. ज्वारी उभी असली की तिच्यातून पलीकडे जाता येईल, काढणी झाली की नाही. मग पिकावर आणि पंचांगावर गोष्ट चालेल.

(इथे काका जरा खुलले. जमीन, हद्द, पीकपाहणी हे त्यांचे विषय. त्यांनी मला शिवारातल्या बांधांवर बरंच ऐकवलं, ते सगळं कादंबरीत जाईल, इथे गाळते.)

काका : आता आराखड्यातला तो दुसरा शब्द. 'जोडलेलं कुटुंब'. हे मला पटत नाही, स्पष्ट सांगतो. ती संघटना होती. तुफान सेना. जी. डी. बापू लाड तिचे फील्ड मार्शल, रामचंद्र लाड कॅप्टन, हुद्दे होते, शिस्त होती, हुकूम होते. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ पगाराचे पैसे नेणारी गाडी अडवली तेव्हा रुळांवर पुढं दगड रचले आणि गाडी मागं घेता येऊ नये म्हणून मागंही रचले. हातात काठ्या, विळे, थोडे गावठी बॉम्ब. ही आखणी आहे, मोहीम आहे. कुटुंबात मोहिमा नसतात. तू संघटनेला कुटुंब म्हणालीस की तिचे सगळे दोष मायेखाली झाकले जातात. घराण्यांचं राजकारण आपण पुढं याच मायेनं चालवलं.

मी : मी मायेबद्दल बोलतच नाहीये. कुटुंब कशानं होतं, काका? एकत्र राहण्यानं, एकमेकांसाठी खोटं बोलण्यानं, एकमेकांची पोरं सांभाळण्यानं. आवड नंतर येते, कधी येतही नाही. कासेगावच्या इंदुताई पाटणकर सोळा-सतरा वर्षांच्या असताना, १९४२ मध्ये, बापाचं घर सोडून चळवळीत आल्या. घर सोडलेल्या मुलीला त्या काळात परत दार नव्हतं. तिला संघटना म्हणजे हुद्दे नव्हते. राहायची जागा होती. किंवा नानकसिंग घ्या. शीख माणूस, पंजाबातला, सैनिक. वाळव्याच्या नागनाथअण्णा नायकवडींच्या पोरांना बंदूक चालवायला शिकवायला आला. त्याला मराठी किती येत असेल? फेब्रुवारी १९४५ मध्ये मणदूर-सोनवड्याच्या रानात पोलिसांशी चकमक झाली, तिथे तो आणि वाळव्याचे किसन अहिर एकत्र पडले. आजही ती नावं एका दमात घेतात. पंजाबी माणूस वारणेच्या खोऱ्यात कुणाचा कोण म्हणून मेला? हुद्द्यानं त्याचं उत्तर मिळत नाही.

काका : नानकसिंगाचं मी अमान्य करत नाही. त्याच्याविषयी माझ्या मनात आदर आहे. पण तू एक माणूस दाखवतेस आणि त्यावर सगळं घर बांधतेस.

मी : मग दुसरं. भवानीनगरचं पोलिस ठाणं, १९४३. हौसाताई सतरा वर्षांच्या. ठाण्यासमोर एक दारुडा नवरा बायकोला मारतोय, डोक्यात दगड घालायला निघालाय, ती किंचाळतेय. पोलिस बाहेर येतात, समजूत घालतात, नवऱ्याला दटावतात. तेवढ्यात मागून आत शिरून साथीदार बंदुका घेऊन जातात. नवरा नव्हता तो, सहकारी होता; बायको म्हणजे हौसाताई. आणि मार खरा होता. खरा बसल्याशिवाय पोलिस उठले नसते. हौसाताई नंतर त्याच्यावर चिडल्या होत्या की जरा बेतानं मारायचं. या प्रसंगापाशी मी खूप वेळ थांबले आहे. पोलिसांनी दुसऱ्या कुठल्याही आरडाओरड्याला ठाणं सोडलं नसतं. नवरा-बायकोचं भांडण मात्र त्यांना घरचं वाटलं, ओळखीचं वाटलं, त्यात पडावंसं वाटलं. साधी माणसं लढली ती अशी. त्यांच्याकडे जे रोजचं होतं तेच त्यांनी हत्यार म्हणून वापरलं. बाईला नवऱ्यानं मारणं इतकं रोजचं होतं की त्याच्या आडोशानं ठाणं लुटता आलं.

काका काही वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी वकिलासारखा मुद्दा बदलला नाही, उलट त्याच मुद्द्यावर पुढे गेले.

काका : मग तो मार खरा असण्यावरच लिही. कारण माझा खरा आक्षेप तिथं आहे. तुझ्या आराखड्यात खबऱ्या आहे. प्रकरण सात. 'गावातला एक खबऱ्या पकडला जातो, त्याला पत्री सरकारची शिक्षा होते.' दोन ओळी. प्रतिसरकारालाच लोक पत्री सरकार म्हणायचे. तळपायांवर काठ्या मारत, माहीत आहे ना? माणूस महिनोन्‌महिने चालत नसे. काहींना त्याहून मोठी शिक्षा झाली. आणि ती कुणी ठरवली? न्यायदान मंडळानं. वकील नाही, अपील नाही, नोंद नाही. अगं, मी चाळीस वर्षं हेच शिकलो की आरोपीला बोलू द्यायचं. तुझ्या कुटुंबात बाहेरच्याला बोलायची सोय काय होती?

मी : न्यायदान मंडळांनी नुसती शिक्षा दिली नाही. जमिनीचे तंटे, सावकारीतली लबाडी, टाकून दिलेल्या बायकांची प्रकरणं मिटवली. त्या बाया ब्रिटिश कोर्टाची पायरी कधीही चढल्या नसत्या. वारणेच्या रानात दरोडेखोरांच्या टोळ्या होत्या, प्रतिसरकारच्या नावाखाली लुटायच्या. त्यांचा बंदोबस्त यांनीच केला.

काका : बंदोबस्त म्हणजे काय केलं, ते लिही. तोच तर प्रश्न आहे. चांगलं काम केलं म्हणून बाकीचं विचारायचं नाही, हे मी मानणार नाही. कोर्ट नव्हतं हे मला कळतं. जे कोर्ट होतं ते परक्यांचं होतं, तेही कळतं. तरी ज्याच्या पायांवर काठी बसली तो माणूसही साधाच होता. त्याला फौजदारानं पाच रुपये दिले असतील, किंवा पोराला सोडतो म्हणाला असेल, किंवा नुसतं दटावलं असेल. त्याच्या घरीही चूल होती. तू एका चुलीची कादंबरी लिहितेस आणि दुसरीला दोन ओळी देतेस.

मी : तुम्ही मेलविलचा सिनेमा पाहिलाय? 'आर्मी ऑफ शॅडोज'. फ्रान्समधल्या भूमिगतांवरचा, १९६९ सालचा. ज्या कादंबरीवर तो आहे ती जोसेफ केसेल यांनी लढाई चालू असतानाच, १९४३ मध्ये लिहिली. ते स्वतः त्या लढ्यात होते. त्यात सुरुवातीलाच फितूर झालेल्या एका पोराला मारायचं असतं. भाड्याच्या घरात त्याला आणतात, आणि लक्षात येतं की शेजारी लोक राहायला आलेत, भिंतीपलीकडे आवाज जाईल. बंदूक वापरता येत नाही. तिघांपैकी कुणीच आधी हातानं माणूस मारलेला नाही. ते पोर ऐकतंय. मी तो प्रसंग पाहिला तेव्हा प्रकरण सातच्या विचारानं हादरले होते, आणि पुढे तर त्याहून कठीण आहे. त्यांच्यातली सगळ्यात शहाणी, सगळ्यांना सोडवून आणणारी बाई पकडली जाते. तिच्याजवळ मुलीचा फोटो सापडतो. शत्रू म्हणतो, बोल, नाहीतर मुलीला नेतो. तिला मारतात ते तिचेच सोबती.

काका : आणि ते चूक करतात का?

मी : सिनेमा सांगत नाही. पाहणाऱ्याला वाटतं, दुसरं काही शक्य नव्हतं. आणि त्याच वेळी वाटतं, हे माफ होणार नाही.

काका : मग तुझं 'जोडलेलं कुटुंब' तिथं येतं. रक्ताचं कुटुंब फितूर पोराला पोलिसात देईल, घरातून काढेल, पण मारणार नाही बहुतेक. जोडलेलं कुटुंब मारू शकतं. कारण ते एका कामासाठी जोडलेलं असतं, आणि काम माणसापेक्षा मोठं असतं.

मी : हे मी नाकारत नाही. पण त्याच्या उलटही खरं आहे. रक्ताचं कुटुंब तुम्हाला आसरा देतं कारण तुम्ही त्यांचे आहात. माझी बाई आसरा देते तेव्हा ती माणसं तिची कुणी नाहीत. नागनाथअण्णा, बापू लाड १९४४ च्या एप्रिलात थेट खानदेशात गेले, धुळ्याजवळ चिमठाण्याला सरकारी खजिन्याची गाडी लुटली. साडेपाच लाखांच्या आसपास रक्कम. तिथे त्यांना कोण होतं? डॉ. उत्तमराव पाटील आणि लीलाताई पाटील. जिल्हा वेगळा, बोली वेगळी. आणि इतका पैसा हातात घेऊन ती माणसं परत साताऱ्यापर्यंत आली, घराघरांतून. वाटेतल्या एखाद्या घरानं मोह धरला असता तर? ज्यांच्या स्वतःच्या घरात उद्याचं धान्य नव्हतं, त्यांच्या छपराखाली रात्रभर खजिना पडून होता. याला मी काय म्हणू?

काका : विश्वास म्हण. किंवा भीती म्हण. पत्री सरकारची भीती.

मी : दोन्ही असेल. कादंबरीत मी दोन्ही ठेवीन. एखादी बाई एकाच रात्री भीतीनेही गप्प बसते आणि प्रेमानेही, आणि तिला स्वतःलाही त्यातलं कुठलं खरं ते सांगता येत नाही.

यानंतर काकांनी जो विषय काढला त्याने माझ्या सगळ्या लिखाणाला निराळा पाया मिळाला, आणि तो त्यांनी काढला माझ्याविरुद्ध.

काका : ठीक. आता पुराव्याचं बोलू. माझ्याकडं एके काळी स्वातंत्र्यसैनिक पेन्शनचे अर्ज यायचे. केंद्राची योजना १९७२ पासूनची. नियम साधा. पुरुषाला किमान सहा महिने कैद झाल्याचा दाखला पाहिजे, बायकांना पुढं तीन महिन्यांचा. भूमिगत असाल तर तुमच्यावर वॉरंट होतं, बक्षीस होतं, तुम्हाला फरारी ठरवलं होतं, याचा कागद. अशा बायका यायच्या की ज्या म्हणायच्या, आम्ही भाकऱ्या दिल्या, निरोप नेले, माणसं लपवली. मी विचारायचो, कागद? कागद नसायचा. मी त्यांना परत पाठवायचो. ते माझं काम होतं, नियमच तसा होता. आणि माझं तुला सांगणं हे की ज्याचा कागद नाही त्यावर कादंबरी उभी केलीस, तर तू काहीही लिहू शकशील. देवीच्या मूर्ती घडवशील. तुला अडवणार कोण?

मी : थांबा काका. कागद कुणाचा होतो? जो सापडला त्याचा. वॉरंट कुणावर निघतं? ज्याचं नाव पोलिसांना कळलं त्याच्यावर. यशवंतराव चव्हाण भूमिगत होते म्हणून लग्नाला वर्ष व्हायच्या आत त्यांच्या पत्नी वेणूताईंना पकडून नेलं, त्याची नोंद आहे. चळवळीतले किसन वीर येरवड्याच्या तुरुंगातून निसटले, त्याची नोंद आहे. पण जिचं नाव फौजदाराला शेवटपर्यंत कळलं नाही, जिच्या घरात झडती झालीच नाही, जिच्या तोंडून एक शब्द गेला नाही, तिचं काम शंभर टक्के यशस्वी झालं. म्हणूनच तिचा कागद नाही. सरकारनं तिच्याकडे अपयशाचा दाखला मागितला, आणि तो तिच्याकडे नव्हता.

काका : हं.

मी : तुम्ही ज्यांना परत पाठवलंत त्यांच्यातल्या काही खोटं बोलत असतील, मान्य. पण ज्या खरं बोलत होत्या त्यांना परत पाठवण्याचं कारण हे होतं की त्या चोख निघाल्या. इतिहासकाराला कागद लागतो, त्याचा तो धर्म आहे. गेल ऑम्व्हेट यांच्यासारख्या अभ्यासक कासेगावात येऊन राहिल्या, इंदुताईंच्या सूनच झाल्या, तोंडी आठवणी जमवल्या, म्हणून बायकांचं थोडंफार तरी वर आलं. त्याच्यापुढे जे उरतं तिथे कादंबरीला जावं लागतं. मला देवी घडवायची नाही. मला ती बाई भ्यालेली, कंटाळलेली, सासूवर वैतागलेली, पीठ पुरवून पुरवून वापरणारी हवी आहे. आणि थरार हाच की ती सापडणार की नाही. शेवटी ती सापडत नाही. वाचक सुटकेचा श्वास टाकतो, आणि मग १९७२ साल येतं आणि त्याला कळतं की न सापडण्याची किंमत काय होती.

काका : म्हणजे शेवट माझ्या कचेरीत.

मी : एका वकिलाच्या कचेरीत. कुणाच्याही.

काका : असू दे, माझ्याच असू दे. नियम मी केला नव्हता, पण तो लावला मी. ते लिही. (जरा थांबून) पण एवढ्यावर ते प्रकरण सात सुटत नाही. तू आत्ता मला सांगितलंस की जिचं नाव कळलं नाही तिला कागद नाही. मग ज्याला काठ्या बसल्या त्याचा कागद कुठं आहे? न्यायदान मंडळानं नोंद ठेवली नाही, त्यानं फिर्याद दिली नाही, भीतीनं देणारच नव्हता. तोही नोंद नसलेलाच. तुझा नियम त्याला का लागू नाही?

याला माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं आणि आताही जे आहे ते अर्धं आहे. लागू आहे. लागू असायलाच हवा. प्रतिसरकारावर माझं प्रेम आहे. ज्या मुलखानं परक्या सत्तेला चार वर्षं आपल्या गावात हुकूम चालवू दिला नाही त्याच्याविषयी मी कोरडेपणानं लिहू शकत नाही. १९४४ मध्ये गांधीजी सुटले, भूमिगतांनी उघड व्हावं म्हणाले, तरी साताऱ्यातल्या बहुतेकांनी ते ऐकलं नाही. त्या न ऐकण्यातही मला अभिमान वाटतो. पण प्रेम आहे म्हणूनच प्रकरण सात दोन ओळींत उरकता येणार नाही. ज्या गोष्टीवर आपलं प्रेम नाही तिच्यातलं वाईट लिहायला काही लागत नाही.

मी : काका, खबऱ्याला मी त्या बाईचा दीर केला तर?

काका : म्हणजे रक्ताचा नव्हे तिच्या, पण घरचा. सासूचा मुलगा.

मी : सासूचा धाकटा मुलगा. वेगळा राहतो, पण अंगण एकच. त्याच्या वाट्याच्या जमिनीचा तंटा मंडळानं त्याच्याविरुद्ध दिलेला आहे. ते त्याच्या मनात आहे. फौजदार त्याला गाठतो. तो भावजयीचं नाव सांगत नाही, काका. एवढं तो राखतो. दुसऱ्या गावातलं एक घर सांगतो, तिथे दोघं पकडले जातात. आणि मग एका रात्री तिच्या दारावर तीच माणसं येतात, ज्यांना तिनं महिनोन्‌महिने जेवू घातलंय. या वेळी जेवायला आलेली नसतात. विचारायला येतात, तुझा दीर त्या दिवशी कुठं होता?

काका : आणि तिला माहीत असतं.

मी : तिला माहीत असतं.

काका : ती काय करते?

मी : माझ्या मनात आज तरी ती खोटं सांगते. म्हणते, घरी होता, तापानं पडून होता. गेली कित्येक वर्षं ती पोलिसांशी खोटं बोलत आली, तेच खोटं, त्याच आवाजात ती आता स्वतःच्या माणसांशी बोलते.

काका : ते ओळखतील. त्यांनीच तिला शिकवलंय.

मी : ओळखतात. त्यांच्यातला एक तिला आई म्हणणारा आहे, तो सगळ्यात आधी ओळखतो.

काका : आणि सासू? सासू कुठं आहे त्या वेळी?

मी : आत. जात्यापाशी.

काका : तिला बाहेर काढ. तिला बोलू दे. एक मुलगा तिचा रक्ताचा, आणि दारात उभे असलेले तिच्या हातचं खाल्लेले. अपील नव्हतं म्हणालो ना मी? त्या रात्रीचं अपील तीच. मग मंडळ काय करतं ते तू तुझ्या मनानं लिही, मी त्यात पडत नाही. शिक्षा झाली तर शिक्षा लिही, सगळी लिही, किती काठ्या, कोण धरून होतं, कोण बघत नव्हतं. सोडलं तर त्यामुळं पुढं कोण पकडलं गेलं तेही लिही. आणि हे बघ, तुझ्या आराखड्यात बाई, सासू, ती पाच-सहा पोरं, अगदी फौजदारालासुद्धा नाव आहे. खबऱ्याला नाव नाही. दिराला आधी नाव दे. मग प्रकरण सात परत घेऊन ये.